चीजचं बूच

४ मार्च
वसतिगृह, खिडकीजवळची वरची खाट

आई,

नमस्कार. तू अजून माझ्याशी बोलत नाहीस, तेव्हा हा नमस्कार दाराबाहेर चपलांपाशी ठेवते. वाटलं तर आत घे.

मी सुखरूप पोचले. बाबांना फोनवर सांगितलं आहे, पण ते निरोप देताना निम्मा विसरतात आणि उरलेल्याचं भलतंच काही करतात, म्हणून लिहिते. मी फिरायला आले आहे. चार गावं बघावीत, डोकं मोकळं करावं, एवढंच. निघताना चिठ्ठीतही हेच लिहिलं होतं. ते खोटं नाही. पूर्ण खरं आहे का, हे बसमध्ये बराच वेळ टोचत राहिलं. पण मी फिरते आहे, हे तर खरं.

खोलीत आठ खाटा आणि एक आरसा. माझ्या खालच्या खाटेवर एक नर्सबाई आहे, ती बदलीच्या गावी घर मिळेपर्यंत इथे राहते. पैशांची काळजी करू नकोस. म्हणजे कर, पण थोडी. सकाळी पाव, दुपारी पाव आणि चीज, रात्री भूक कमी लागावी म्हणून लवकर झोप.

या भागात गावागणिक वेगळं चीज आहे. दुकानात शिरलं की माणूस सुरीच्या टोकावर एक पापुद्रा काढून पुढे करतो. आता तूच सांग, मी काय करायचं? दुकानातलं फुकट तोंडात टाकायचं नाही, हे मला तू अक्षरओळखीच्याही आधी शिकवलंस. पण नाही म्हटलं तर समोरच्याचं तोंड उतरतं. पहिल्या दुकानात मी पापुद्रा खाल्ला आणि मग मला बाहेर पडता येईना. दोनदा सगळी लेबलं वाचली. शेवटी दुकानदार म्हणाला, “अहो ताई, चाखलं म्हणजे लग्न जमलं असं नाही. जा खुशाल.” मी सगळ्यात पातळ काप मागून घेतला. त्याने तो कागदात असा घडी घालून बांधला, जणू मी अख्खं दुकान विकत घेतलं होतं. अशी माणसं मला फार आवडतात.

तेव्हापासून नियम केला आहे: जिथे विकत घेईन तिथेच चाखेन.

चवीबद्दल मी काही लिहिणार नाही. त्या तापानंतर तुझी चव गेली, वास गेला, आणि मी इथून किती छान लागलं ते लिहायचं, हे मला जमणार नाही. हाताला कसं लागलं ते लिहिते. कालचं चीज ओल्या पट्ट्यासारखं वाकत होतं, तुटत नव्हतं. आजचं बोटांत धरलं तर जुन्या भिंतीच्या गिलाव्यासारखं सुटून आलं, आणि त्यात बारीक खडे होते, दाताखाली कर्र वाजणारे. बस, पुढे नाही.

तुझी,
चिमटी


७ मार्च
तेच वसतिगृह

आई,

आज मला श्रीमंत व्हायची युक्ती सापडली. बाजार उठायच्या वेळी जायचं.

एक म्हातारा-म्हातारी गाडीवर चीज विकतात. तो कापतो, ती बांधते. कापताना कडेचे, टोकाचे, कोपऱ्याचे तुकडे उरतात. ते दिवसभर एका पेटीत साठतात आणि संध्याकाळी एकत्र पुडीत विकतात, अगदी स्वस्त. एका पुडीत नऊ-दहा प्रकार. मी पुडी मागितली तर म्हातारी म्हणाली, “हिला मोठी दे. वाऱ्याने उडेल पोरगी.”

म्हातारा म्हणाला, “उडाली तर चीज कुठे शोधायचं?”

“तुला नेहमी चीजची काळजी.”

“माणसं घरी परत येतात गं. चीज येत नाही.”

मी हसले आणि पुडी पिशवीत टाकली.

आई, त्या म्हाताऱ्याचे हात बघायला हवे होतेस. सुरी लावायच्या आधी तो चीजच्या गोल चाकावर तळहात ठेवतो, आपण झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवतो तसा. मग एकच काप. खाली पडलेला तुकडा गिऱ्हाइकाने मागितला असतो तेवढाच भरतो. म्हातारी तो तरीही वजनकाट्यावर टाकते. “विश्वास आहे हो,” म्हणते, “पण काटा रिकामा बसलेला मला बघवत नाही.”

रात्री नर्सबाईला अर्धी पुडी दिली. तिच्याकडे टोमॅटो होते. आम्ही खाटेवर वर्तमानपत्र पसरून जेवलो. ती म्हणाली, तू खाताना परीक्षेला बसल्यासारखी का दिसतेस? मी म्हटलं, आमच्या घरी चीज करतात. करायचे. मग मी टोमॅटो कापायला घेतला.

बाबांशी बोलले. त्यांनी सांगायचं नव्हतं, पण त्यांच्या आवाजातच ते होतं, म्हणून मीच काढून घेतलं. महिनाअखेरीला आपली चीजची तांब्याची कढई बघायला माणूस येतो आहे. पसंत पडली तर घेऊन जाईल. मी विचारलं, आई काय म्हणाली? ते म्हणाले, “ती म्हणाली, रिकामं भांडं घरात कशाला.”

मी तुला काही समजवायला लिहीत नाही. एवढंच म्हणते की त्या दिवशी मी जे बोलले ते मला तसं म्हणायचं नव्हतं. “तू कर, मी चाखेन” असं मी म्हटलं, आणि तू म्हणालीस, “म्हणजे तू जीभ आणि मी नुसते हात.” त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. मला तुझी जीभ व्हायचं नव्हतं. मला फक्त कढईखाली परत जाळ दिसायला हवा होता.

उद्या वर डोंगरातल्या गावात जाते. तिथलं तळघर बघण्यासारखं आहे म्हणतात, आणि चव फुकट. या फुकटाचं काय करायचं ते तिथे गेल्यावर बघेन.

चिमटी


११ मार्च
डोंगरातलं गाव, तळघराच्या वरची खोली

आई,

माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे. आधी सांगते, कोणाला इजा झालेली नाही.

इथलं तळघर म्हणजे एका जुन्या गोदामाखालचा लांबच लांब बोळ. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, फळ्यांवर चीजची चाकं, परातीएवढी, एकाला एक न चिकटता झोपलेली. हवा थंड, ओली. मी आत शिरले आणि माझा आवाज आपोआप खाली आला.

हे सगळं एक बाई सांभाळते. रुंद बांधा, पायात रबरी बूट, कमरेला खोचलेली छोटी हातोडी. चालता चालता ती चाकांवर ठोके देते आणि कान देते, डॉक्टर छातीवर बोटं वाजवतात तसं. मी तिला मनात ठोकेबाई म्हणायला लागले. नंतर कळलं, सगळं गाव तिला तेच म्हणतं.

ठोकेबाई स्वतःला कमी समजत नाही. “या डोंगरात माझ्यासारखा कान नाही,” ती आम्हा बघायला आलेल्यांना म्हणाली. “एक होता, तो वारला. त्याचाही नव्हता म्हणा.”

मग तिने एका चाकात पोकळ सळई खुपसली, फिरवली, बाहेर काढली. सळईत बोटभर लांब, पिवळट कांडी आली. ती तिने माझ्यापुढे धरली. “बघ.”

मला वाटलं, पाहुणचार. हातात दिलेलं संपवायचं, टाकायचं नाही, हे आपल्या घरचं. मी ती कांडी खाल्ली. सगळी. सालीसकट. आणि नीट आभार मानले.

ती माझ्याकडे बघत राहिली.

“संपलं?”

“हो. छान होतं.”

“सालसुद्धा?”

“आमच्याकडे टाकत नाहीत.”

“अगं बाई,” ती म्हणाली, “ते बूच होतं.”

आई, चिमूटभर टोक मोडून घ्यायचं असतं. बाकीची कांडी पुन्हा भोकात बसवतात, वरून थोडं चीज चोळून फट बंद करतात, आणि चाक पुढे पिकत राहतं, काही झालंच नाही असं. आपली चाकं लहान, आपण सरळ कापतो, मला हे कुठून माहीत असणार? आता त्या चाकाला भोक, भोकातून हवा, हवेतून आत बुरशी. ते हिवाळ्यापर्यंत ठेवायचं होतं. आता लगेच कापून विकावं लागणार.

ठोकेबाई हसायला लागली. हसता हसता स्टुलावर बसली. “चाळीस वर्षांत कोणी खाल्लं नाही गं. चोरांनी पण नाही.” मी रडत होते. “रडतेस कशाला? चाक रडतंय का?”

मी पाकीट काढलं. चाकाची किंमत ऐकून परत ठेवलं. मी म्हटलं, मी भरून देईन, थोडे थोडे पाठवीन, पत्ता लिहून घेते. ती म्हणाली, “पत्ता राहू दे. फडकं धरता येतं का? माझी मदतनीस बाळंतपणाला गेली आहे. दोन आठवडे चाकं पूस, उलटी कर. वर झोपायला खोली आहे.”

तर मी इथे आहे. बाबांना बुचाचं सांगू नकोस. ते सगळ्यांना सांगतील.

चिमटी


१३ मार्च
तिथेच

आई,

हात मिठाच्या पाण्याने चरचरतात, पण आत फार बरं वाटतं. चाक उचलायचं, पुसायचं, उलटं करून ठेवायचं. पुढचं. आपल्या फळीपुढे तू मला पाढे म्हणायला लावायचीस, एका चाकाला एक ओळ. माझ्या तोंडून अजून पाढेच येतात. ठोकेबाईने विचारलं, कुठल्या शाळेत गेलीस? म्हटलं, आईच्या. शाळा लांब होती, आणि आईला दूध सोडून येता येत नव्हतं. अक्षरंसुद्धा ओल्या फरशीवर बोटाने गिरवली, सुकायच्या आत वाचून दाखवायची. ती म्हणाली, “म्हणून तू एवढी घाईत घाबरतेस.”

ती मला ठोके शिकवते आहे. चांगल्या चाकाचा आवाज भरलेल्या कपाटासारखा, टक्, आणि तिथेच संपतो. आत पोकळी किंवा भेग असली की टप्, थोडा लांबलेला. कोवळं चाक उशिरा उत्तर देतं, अर्धवट जागं झाल्यासारखं. मला दहातले चार कळतात. ती म्हणते, चार कळतात हे तुला कळतं, ते जास्त आहे.

पण मला जे लिहायचं आहे ते हे नव्हे. आज दुपारी जेवताना दूध आणणारा गाडीवाला, शेजारची शिंपीण आणि मी, तिघांनी पावाबरोबर चीज घेतलं. त्यात माझं ते बिनबुचाचं चाकही होतं. ठोकेबाई उकडलेले बटाटे खात होती.

मी म्हटलं, “तुम्ही नाही घेत?”

“मला दूध चालत नाही. एक घास गेला की दुसऱ्या दिवशी मी आडवी.”

“आज बरं नाही का?”

“आज नाही गं. जन्मापासून.”

मला वाटलं, ती थट्टा करते आहे. गाडीवाला म्हणाला, “खरं आहे. सगळ्यांना चारते, स्वतः बटाटे खाते.”

“मग चव कशी कळते?”

“चव बघायला अख्खं गाव आहे,” ठोकेबाई म्हणाली. “मी कान लावते, अंगठ्याने दाबून बघते, आणि चाखणाऱ्यांची तोंडं बघते. माणूस खोटं बोलतं. गाल बोलत नाहीत. तू बूच खात होतीस ना, तेव्हाच मला कळलं की चाक झकास जमलंय. म्हणून तर ओरडले नाही.”

“म्हणजे तुम्ही हे कधीच खाल्लं नाही?”

“लहानपणी एकदा.” तिने बटाट्यावर मीठ टाकलं. “आवडलं होतं बहुतेक.”

मी पाणी आणायचं निमित्त करून बाहेर आले आणि पायरीवर बसले.

आई, मी फिरायला आले नव्हते. चिठ्ठीतलं खरं अपुरं होतं, ते आता पुरं करते. जिभेशिवाय चीज करणारं कोणी कुठे आहे का, हे शोधायला मी आले होते. कोणाला विचारायची लाज वाटत होती. सापडेल असं वाटतही नव्हतं. आणि मी जिचं बूच खाल्लं, तीच ती निघाली.

अजून एक. तू फळ्यांजवळून जाताना बोटाच्या पेराने चाकांवर टकटक करायचीस. दुसऱ्याशी बोलत असतानाही. मला लहानपणी वाटायचं, तू त्यांची हजेरी घेतेस. मधेच एखाद्यापाशी थांबायचीस आणि ते चाक बाजूला काढायचीस. का काढलं, असं मी कधी विचारलं नाही. तू कधी सांगितलं नाहीस. तू ते जिभेने करत होतीस का गं?

चिमटी


१६ मार्च
तिथेच

आई,

या पत्रासोबत एक खोकं येतं आहे. त्यात दोन लहान चाकं आहेत, एकावर लाल दोरा, एकावर निळा. ठोकेबाई पाठवते आहे, मी नाही. मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं. विचारून सांगायला हवं होतं, हे मान्य. ती म्हणाली, “तुझ्या आईला माझी परीक्षा पाठवते. एक चांगलं आहे, एक आतून बिघडलंय. कापायचं नाही. ठोकून सांगायचं.”

कुठलं कसं आहे ते तिने मला सांगितलेलं नाही. “तू सांगून टाकशील. तुझ्या पोटात बूच राहतं, गोष्ट राहत नाही.” मी दोन्ही ठोकून बघितली. माझा अंदाज आहे, पण तो मी लिहिणार नाही.

तुला नको असेल तर नको. खोकं तसंच ठेव. मी रागावणार नाही, आणि हे मी तू वाईट वाटून घेऊ नयेस म्हणून म्हणत नाही, खरंच म्हणते. फक्त कढईचा माणूस यायच्या आत एकदा खोकं उघड. तळघराचा फोन नंबर झाकणावर आतून लिहिला आहे.

बाबांना सांग, सुरी लावायची नाही. वास कितीही आला तरी.

चिमटी


२४ मार्च
तिथेच, सामान बांधून

आई,

काल आपण फोनवर बोललो, पण इकडे काय झालं ते तुला दिसलं नाही. म्हणून लिहिते. वाटेत दोन मुक्काम आहेत, तेव्हा हे पत्र बहुधा माझ्याआधी पोचेल.

फोन जिन्याजवळच्या भिंतीवर आहे. ठोकेबाईने उचलला आणि काही बोललीच नाही. मला वाटलं, कोणाची वाईट बातमी. मग तिने हातानेच मला जवळ बोलावलं आणि रिसीव्हर दोघींच्या कानांमध्ये धरला.

टक्. टक्. टक्.

मग थोडा वेळ काहीच नाही, तू चाक बदलत असशील.

टक्. टक्. टप्.

मला तुझ्या पेराचा आवाज ओळखू आला. हातोडीचा नव्हे, चमच्याचा नव्हे. 

“निळ्यात भेग आहे,” तू म्हणालीस. “मधोमध नाही, कडेला. आणि लाल दोऱ्याचं ठीक आहे, पण तुम्ही ते फळीवरून लवकर काढलंत.”

“लवकर?” ठोकेबाई म्हणाली. “बाई, मी ही चाकं तुमच्या लग्नाच्या आधीपासून काढतेय.”

“असाल. पण ते अजून उशिरा उत्तर देतंय. ऐका.” टक्.

ठोकेबाईने रिसीव्हरवर हात धरून मला विचारलं, “हे तिला तू शिकवलंस?”

मी मान हलवली. नाही.

मग तिने फळीवरचं एक चाक फोनपाशी आणलं आणि ती वाजवायला लागली. तू काहीतरी म्हणालीस, तिने दुसरं आणलं. तुम्ही दोघी भांडत होतात की काय करत होतात, मला कळलं नाही. तुम्ही ओळख करून घ्यायची विसरलात. मी चाकं आणून देत होते आणि फोनचं बिल कोण भरणार याचा विचार करत होते. ठोकेबाईचे गाल मी बघितले, तिनेच शिकवलं तसे. तिला लाल चाकाचं पटलं होतं. तोंडाने ती शेवटपर्यंत कबूल झाली नाही.

मग ती म्हणाली, “तुमच्या मुलीने माझं बूच खाल्लं, माहीत आहे ना?” आणि मला तुझं हसू ऐकू आलं. ते मी घर सोडायच्या कितीतरी आधीपासून ऐकलं नव्हतं.

रिसीव्हर माझ्याकडे आला तेव्हा मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं.  पण तूच आधी बोललीस.

“सालसुद्धा खाल्लीस?”

“हो.”

“बरं केलंस.”

एवढ्या दिवसांनी माझ्याशी तुझं पहिलं बोलणं हे, आणि मला त्याहून चांगलं दुसरं सुचत नाही.

“लाल चाक कापायचं तू आल्यावर,” तू म्हणालीस. “जीभ नको मला. मला तुझं तोंड बघायचंय, खाताना.”

मी हो म्हटलं. 

आज निघताना ठोकेबाईने तिची जुनी हातोडी मला बांधून दिली आहे, तुझ्यासाठी. “पेराने किती दिवस ठोकणार,” म्हणाली. “सांधे दुखतील. आणि तिला सांग, लाल चाक लवकर काढलं नव्हतं.” मी निरोप जसाच्या तसा देते आहे.

आता बाबांचं. त्यांचा सकाळी फोन आला. कढईचा माणूस ठरल्याच्या आधीच येऊन गेला म्हणे. त्याने पैसेसुद्धा आणले होते. तू बाहेर आलीस, कढई उलटी केलीस, बुडावर टकटक केलंस आणि त्याला म्हणालीस, “बूड पातळ झालंय, वर्षभरात चिरेल. तुम्हाला फसवायचं नाही मला.” तो आभार मानून गेला. बाबा फोनवर इतके हसत होते की पुढचं मला दोनदा विचारावं लागलं. काल दुपारी तू कढई चिंचेने घासायला घेतलीस.

आई, एक गोष्ट मला टोचते आहे. बूड खरंच पातळ झालंय का? झालं असेल, तर जाळ लावायच्या आधी कारागिराला दाखवायला हवं. आणि झालं नसेल, तर तो माणूस बिचारा लांबून आला होता, त्याला मी दोन ओळी लिहाव्यात का?

मी पोचेपर्यंत विचार करून ठेव. राहू दे म्हणालीस, तर या एका वेळी मी राहू देईन.

तुझी,
चिमटी